फंदे

आमच्या बोळात पोटाच्या सगळ्या दुखण्यांना
एकच नाव होतं: पित्त.
उपाशी राहिलं तरी पित्त, जेवलं तरी पित्त.
नाना रात्रपाळीला निघताना
खिशात गुलाबी औषधाची बाटली ठेवायचे.
दोन घोट चहाचे, एक घोट तिचा,
की चार डझन टॉवेल उतरेपर्यंत
पोट गप्प.

तीन वर्षं.

मग ताटात अर्धी भाकरी उरायला लागली.
शेंगाचटणी नुसती बोटानं इकडची तिकडे.
पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं,
महिन्याभरात आणखी एक.
सुपात विड्या वळता वळता आई म्हणाली,
"तुमचा सदरा घालून दुसराच कोण आलाय?"
शौचाला काळं होतं, डांबरासारखं,
हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.
सांगायची गोष्ट आहे का ती.

डॉक्टर हत्तरकी बाईंनी नळी घातली,
बाहेर आल्यावर फोटो दाखवले.
माणसाचं पोट आतून टर्किश टॉवेलसारखं असतं
हे मला ठाऊक नव्हतं.
ओलं, गुलाबी, घड्या पडलेलं.
आणि एका जागी काहीच नाही.
खड्डा. कडा उचललेल्या.
बाईंनी पेन टेकवायच्या आधी
घसा बधिर झालेले नाना बोलले,
"हितं फंदे गेलेत. माल खराब आहे."
बाई थांबल्या.
"तुम्ही काम काय करता?"
"जॉबर. टॉवेलच्या मागावर, एकतीस वर्षं."

तिळाएवढे सहा तुकडे काढले होते.
आठ दिवसांनी रिपोर्ट आला, इंग्रजीत.
मला कळला.
सात रस्त्यापासून साखर पेठेपर्यंत
मी तो न कळल्यासारखा हातात धरला.

मग सीटी. लिव्हर साफ आहे, म्हणाले,
आणि आई रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आधी चार सलाइनी, पंधरा-पंधरा दिवसांनी,
गाठ आकसावी म्हणून.
त्या दिवसांत स्टीलचा पेला धरला
की नानांच्या बोटांत सुया टोचायच्या.
अंधारात तुटलेला धागा हुडकणारी बोटं
पाण्याला भ्यायली.
आईनं घरातल्या सगळ्या पेल्यांना
टॉवेलचे तुकडे शिवले.
अजून तसेच आहेत ते.

ऑपरेशन सहा तास.
अख्खं पोट काढलं.
शेजारची रामव्वा हळूच विचारून गेली,
"मग जेवण जातं कुठं?"
आम्हीही बाईंना तेच विचारलं.
त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागं दोन नळ्या काढल्या,
अन्ननलिका आणि आतडं, आणि मधे गाठीसारखं काहीतरी.
नाना बघत राहिले.
"सांधणी केली म्हणा की."
"सांधणीच."
"टाके मोजले का?"
तेव्हा बाई हसल्या. नाना नाही हसले,
त्यांना खरंच आकडा हवा होता.

पुढच्या चार सलाइनींतली शेवटची
त्यांनी अर्ध्यावर नको म्हटली.
कुणी भांडलं नाही.

आता दिवसातून सात वेळा चतकोर चतकोर.
घाईनं खाल्लं की घाम फुटतो, आडवं व्हावं लागतं.
महिन्याला एक लाल इंजेक्शन.
आमच्या घरी कधी फर्स्टचा टॉवेल आला नाही,
डाग पडलेला, काठ सुटलेला,
किलोवर मिळणारा सेकंडचाच यायचा.
नाना परवा मान पुसता पुसता म्हणाले,
"मी आता सेकंडचा.
पाणी टिपतोय तोवर ठीक."

बाई म्हणाल्या, मुलांनीही जंतूची तपासणी करून घ्या.
भाऊ म्हणाला, बघू.
मी गेले, एका पिशवीत फुंकर मारून आले.
रिपोर्ट शुक्रवारी.

रात्री जेवणानंतर छातीत जळजळलं.
आईनं सवयीनं तोंड उघडलं,
प कुठंतरी ओठावर आला
आणि तिनं नुसतं पाणी पुढं केलं,
शिवलेल्या पेल्यात.